रांगेत थांबता येत नाही, हे कोणी ठरवायचे? ऑर्लँडोच्या सहलीच्या निमित्ताने

चर्चाप्रस्ताव : अटलांटावासी

या उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे येणार आहेत आणि त्यांना व मुलांना घेऊन फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानांच्या संकुलात जाण्याचा आमचा विचार आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला क्रोन्स हा आतड्यांचा आजार आहे. आजार उचल खातो तेव्हा शौचाची घाई क्षणाचीही सवड देत नाही. तो धडधाकट दिसतो, त्यामुळे त्याची अडचण लोकांच्या लक्षात येत नाही.

ज्यांना राइडच्या नेहमीच्या रांगेत दीर्घकाळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठी तेथे डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस ही सोय आहे. त्यात प्रतीक्षा टळत नाही. रांगेत साधारण जितका वेळ लागला असता तितक्याच अवधीनंतरची वेळ दिली जाते, तोवर बाहेर कोठेही थांबता येते आणि मग लाइटनिंग लेन या वेगळ्या मार्गाने आत जाता येते. मे २०२४ मध्ये फ्लोरिडात या सोयीची व्याख्या बदलली आणि स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक दिव्यांगत्वामुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांपुरतीच ती उरली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्येही लगोलग तसेच झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या निर्बंधाविरुद्ध तेथे दावाही दाखल झाला.

माझे म्हणणे असे की, निकष आजाराच्या प्रकाराचा असू नये. त्या व्यक्तीला रांगेत थांबणे जमते की नाही, एवढाच असावा. आपणा सर्वांना काय वाटते?

न्यू जर्सीचा बाबा

ताई, आपल्या मुलाविषयी पूर्ण आस्था बाळगूनही मी असहमत आहे. माझी मुलगी स्वमग्न आहे. गर्दीत, कठड्यांच्या मध्ये, पुढे-मागे अनोळखी माणसे अशा स्थितीत तिला उभेच राहता येत नाही. तिला दहा मिनिटे बाहेर नेऊन पुन्हा त्याच रांगेत आणले, तर अडचण जेथल्या तेथे राहते. आपल्या मुलाला मात्र गरज पडेल तेव्हा रांगेतून बाहेर जाऊन परत येण्याची मुभा मिळू शकते, आणि ज्यांना ही सोय नाकारली जाते त्यांना तेथे असेच पर्याय सुचवले जातात. दोन गरजा वेगळ्या असतील, तर दोन उपाय वेगळे असण्यात अन्याय कोणता?

पूर्वीचा अनुभवही विसरता येणार नाही. २०१३ पर्यंत तेथे एक सैल पद्धत होती आणि धनिक कुटुंबे रांग टाळण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेत असल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या. त्यानंतर ती पद्धत बंद होऊन आताची सोय आली. नव्या पद्धतीतील प्रतीक्षाही मुलाला झेपत नाही म्हणून एका स्वमग्न तरुणाच्या कुटुंबाने थेट प्रवेशाच्या जादा संधी मागितल्या, तेव्हा २०२० मध्ये ऑर्लँडोच्या संघीय न्यायालयाने ती मागणी आवश्यकही नाही आणि वाजवीही नाही असे म्हणत डिस्नेच्या बाजूने निकाल दिला. वेगळ्या मार्गाची क्षमता मर्यादित आहे. दार सर्वांना उघडले, तर तो मार्गही रांगच होईल आणि सर्वाधिक नुकसान माझ्या मुलीसारख्यांचे होईल.

अटलांटावासी

क्षमतेचा मुद्दा मला मान्य झाला असता, जर तोच मार्ग पैसे घेऊन कोणालाही विकला जात नसता. लाइटनिंग लेनचा पास खिशात पैसे असलेला कोणीही घेऊ शकतो. मग गर्दी कमी करण्याची सुरुवात आजारी माणसापासून का व्हावी? १९९० च्या अमेरिकी दिव्यांग कायद्याखाली, सोय देण्यासाठी दिव्यांग व्यक्तीकडून जादा शुल्क घेता येत नाही. येथे शुल्क घेतले जात नाही हे खरे, परंतु सोय नाकारलेल्या माणसापुढे व्यवहारात तोच पास विकत घेण्याचा मार्ग उरतो.

आणि रांगेतून बाहेर पडून परत येणे कागदावर दिसते तितके सोपे नाही. अरुंद मार्गिकेत पन्नास अनोळखी माणसांना बाजूला सारत जाणे, परतताना त्यांच्या नजरा झेलणे, हे पंधरा वर्षांच्या मुलाने दिवसातून किती वेळा करावे? ज्या घरी एकच मोठे माणूस आणि दोन लहान मुले आहेत, तेथे तर एकाला रांगेत ठेवून दुसऱ्याला नेणेही शक्य नसते.

निवृत्त परिचारिका, ठाणे

आपण दोघेही सगळा दिवस पासाभोवतीच आखत आहात, ते मला पटत नाही. प्रकृतीची गरज असलेल्या माणसाचा दिवस ऊन, पाणी, औषध आणि विश्रांती यांवर ठरतो. फ्लोरिडात जुलैमध्ये तापमान ३३ अंशांच्या आसपास असते, दमटपणा मुंबईसारखा असतो, आणि दुपारी विजा कडाडू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. म्हणून उद्यान उघडताच आत जावे, अकरा-बारापर्यंत महत्त्वाच्या राइड कराव्यात, दुपारी मुक्कामी परतावे आणि वाटल्यास संध्याकाळी पुन्हा यावे.

डिस्ने वर्ल्डच्या चारही उद्यानांत प्रथमोपचार केंद्र असते आणि शीतपेटीत ठेवण्याची औषधे तेथे ठेवता येतात. घरचे खाणे आत नेता येते, मात्र काचेची बरणी चालत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उन्हात तापलेल्या गाडीत ते कधीही ठेवू नये. विमानातही ते सोबतच्या पिशवीतच असावे. इन्शुलिन पंप असेल, तर तीव्र चुंबकांवर चालणाऱ्या राइडबाबत उत्पादकाची सूचना आधी वाचावी. नाशिकहून येणाऱ्या आजी-आजोबांच्या विम्याकडेही पाहावे, कारण पाहुण्यांसाठीच्या बहुतेक पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात किंवा अगदी तुटपुंज्या मर्यादेत धरलेले असतात.

पुण्याचा वाचक

एवढा वाद कशासाठी? ऑर्लँडोच्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या मनोरंजन उद्यानात आधी नोंदणी करून डॉक्टरांचे पत्र किंवा शासकीय कागद द्यावा लागतो. आपल्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र, आहे. कागद दाखवावा, सोय घ्यावी. डिस्नेप्रमाणे व्हिडिओ कॉलवर कोणाची कहाणी खरी वाटते, यावर निर्णय सोडण्यापेक्षा हे अधिक न्याय्य आहे.

अटलांटावासी

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आहेत, क्रोन्स नाही. त्यामुळे कार्डाची अट घातली, तर माझा मुलगा पुन्हा बाहेरच राहतो. शिवाय प्रमाणपत्रावरची टक्केवारी रांगेत चाळीस मिनिटे थांबण्याविषयी काहीच सांगत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘सलग इतका वेळ थांबणे या रुग्णाला शक्य नाही’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र मात्र मला मान्य आहे.

परिचारिकाताईंनी सांगितलेला दुपारचा खंड आम्ही स्वीकारला आहे आणि चारऐवजी दोनच उद्याने पाहणार आहोत.

न्यू जर्सीचा बाबा

डॉक्टरांच्या पत्राला माझाही विरोध नाही. पण अशी पत्रे किती सहज मिळतात, हे आपण जाणतो, आणि ती खरी-खोटी ताडण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात अजून आलेले नाही. खोटे सांगणाऱ्याला कायमची प्रवेशबंदी करण्याची डिस्नेची अट मला म्हणूनच योग्य वाटते. ती पत्र सादर करणाऱ्यांनाही लागू व्हावी, एवढे मान्य असेल, तर निकष रुंदावण्याबाबत मी फेरविचार करीन.