घरी चार्जिंगची सोय आहे का, ते आधी बघा

बॅटरी पाच वर्षांत बाद होते म्हणून इलेक्ट्रिक गाडी नकोच, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरच्या आसपास वॉरंटी देतात. बॅटरी सहसा एकदम मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोजच्या वापरात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची मात्र अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकायला लागतो. शोरूमवाल्यांनी गाडी विकताना हे नीट समजावून सांगायलाच हवं.

खरी अडचण हायवेवर येते. शहरात वेग कमी करताना थोडी वीज परत मिळते. ताशी १०० च्या वेगात मात्र हवेचा विरोधच बॅटरी खातो. त्यात फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंग इतकं मंदावतं, की ताटकळण्यापेक्षा निघून पुढे पुन्हा थांबलेलं परवडतं. थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, आणखी घटते, हीटरही त्याच बॅटरीवर चालतो ना!

रात्री स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्ज करता येत असेल तर बिनधास्त घ्या. सगळी भिस्त सार्वजनिक चार्जरवर असेल, तर मी तूर्त हायब्रिडच (इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी) सुचवेन.

आणि हो, या गाड्यांतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी ती आवर्जून तपासून घ्या.