ते लाल ठिपके: आत तारे की कृष्णविवर?

खगोलवेडा:
जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत शेकड्याने सापडलेले इवलेसे लाल ठिपके, म्हणजे 'लिटल रेड डॉट्स', बहुतेक विश्वाच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांतले आहेत. २०२३ मध्ये 'नेचर'मधल्या एका निबंधात अशा काही लालसर उमेदवारांचा सगळा उजेड ताऱ्यांचाच धरून हिशेब मांडला, तर एकाचं वस्तुमान आलं १०० अब्ज सूर्यांएवढं! महास्फोटानंतर जेमतेम ७० कोटी वर्षांत एवढ्या ताऱ्यांसाठी वायू आणायचा कुठून?

नंतर ठिपक्यांचे वर्णपट आले आणि हायड्रोजनची लाल रेषा चांगलीच फताडी निघाली. रेषा जितकी रुंद, तितका वायूचा वेग जास्त; म्हणजे हा वायू सेकंदाला हजार किमीहून जास्त वेगाने पळतोय. गंमत म्हणजे त्याच वर्णपटात ऑक्सिजनची रेषा अरुंद, आणि ती येते फक्त विरळ वायूतून. म्हणजे पळणारा वायू दाट आहे, मध्याला चिकटून आहे. ताऱ्यांच्या स्फोटांनी उधळलेला असता तर दोन्ही रेषा रुंदावल्या असत्या. माझ्या लेखी खटला निकाली: आत कृष्णविवर आहे, आणि दीर्घिकेच्या मानाने अवाढव्य आहे.

तिरकस_तारा:
असहमत. निकाली कसला, साक्षीदारच फितूर आहेत! वायू गिळणारं कृष्णविवर क्ष-किरणांत दिसायला हवं. चंद्रा दुर्बिणीने वर्षानुवर्षं न्याहाळलेल्या आकाशातही यातले बहुतेक ठिपके गायब. क्वेसारांची, म्हणजे वायू गिळत झगझगणाऱ्या कृष्णविवरांची, चमक कमीजास्त होते, हे बहुतांशी ढिम्म.

आणि वस्तुमानं काढली कशी? रेषेच्या रुंदीला जवळच्या कृष्णविवरांवर बेतलेलं सूत्र लावून. दाट वायूतले इलेक्ट्रॉन प्रकाश विखुरतात, तेव्हाही रेषा पसरते. २०२५ मध्ये एका गटाने तसा हिशेब केला, तर वस्तुमानं शंभरेक पटींनी घसरली. 'अवाढव्य'चं काय झालं मग?

खगोलवेडा:
विखुरणारा दाट वायू तुम्हाला चालतो, मग क्ष-किरण शोषणारा का नाही? 'द क्लिफ' नावाचा ठिपका बघा. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला, त्याचा उजेड एकदम कोसळतो. थोडे वय झालेल्या ताऱ्यांमुळेही तिथे पायरी पडते, पण इतकी उभी पायरी ताऱ्यांच्या कुठल्याच मिश्रणातून निघत नाही. कृष्णविवराभोवती हायड्रोजनचं दाट कवच धरलं की जमतं.

आता वस्तुमान. ॲबेल २७४४ या दीर्घिकासमूहामागे क्यूएसओ१ नावाचा ठिपका आहे. समूहाच्या गुरुत्वाने प्रतिमा मोठी झाली, त्यामुळे मध्याभोवती फिरणाऱ्या वायूचा वेगच मोजता आला. तुम्हाला खटकणारं सूत्र इथे नाहीच. ग्रहांना लागू होतो तोच नियम. उत्तर ५ कोटी सूर्य. आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर ४० लाखांच्या घरातलं. आणि क्यूएसओ१मधले सगळे तारे मिळूनही त्या कृष्णविवराएवढे भरत नाहीत!

कन्या_राशी:
तारे की कृष्णविवर, असं भांडताय कशाला? हेनाइझ २-१० ही बटू दीर्घिका फक्त ३ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. २०२२ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून दिसलं की तिथल्या कृष्णविवराजवळून निघालेला वायूचा झोत दाट ढगावर आदळतो आणि तिथे नवे तारे जन्मतात.
अवांतर: वर्णरेषेला 'फताडी' म्हणणारे तुम्हीच पहिले. :)

तिरकस_तारा:
हेनाइझमधला झोत बेताचा, म्हणून ढग दाबला गेला, उडाला नाही. कृष्णविवरही १० लाख सूर्यांच्या आसपासचं. ५ कोटीवालं तितक्या सबुरीने वागेल?

क्यूएसओ१ मान्य. पण तो एक, आणि तोही गुरुत्वाच्या कृपेने दिसलेला. २०२४ च्या एका यादीत असे ३४१ ठिपके आहेत, त्या सगळ्यांना त्याचं माप का चिकटवता? आणि वर्णपटाच्या निळ्या टोकाला उजेड पुन्हा वाढतो, तो कोणाचा?

खगोलवेडा:
निळा उजेड कोवळ्या ताऱ्यांचा असेल, मी कुठे नाकारलं? काहींत तो ठिपक्याबाहेरही पसरलेला दिसतो. माझा दावा लाल बाजूपुरता आहे. तुमच्याच यादीतल्या ज्या मोजक्या ठिपक्यांचे वर्णपट हाती होते, त्यांतल्या बहुतेकांत रुंद रेषा सापडली आहे. तेवढी रेषा ताऱ्यांतून काढून दाखवा.