डिसेंबरात जास्त खोल्या गेल्या, तरी शिल्लक कमी का?

प्रश्नकर्ता (14 खोल्यांचे लॉज, सोलापूर)

नमस्कार. रेल्वे स्थानकापासून चालत येता येईल अशा अंतरावर आमचे वडिलोपार्जित लॉज आहे. आजवर आम्ही रोजच्या गल्ल्यावरूनच धंद्याचा अंदाज बांधत आलो. परंतु कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत गेलो असता तेथे ऑक्युपन्सी (उपलब्ध खोल्यांपैकी विकलेल्यांचे प्रमाण), सरासरी दर, रेव्हपार असे आकडे मागण्यात आले, म्हणून प्रथमच दोन महिन्यांचा हिशेब नीट मांडला आणि त्यातून गोंधळ अधिकच वाढला.

नोव्हेंबर 2025 मध्ये 420 पैकी 231 रूम नाइट (एक खोली, एक रात्र) विकल्या गेल्या आणि खोलीभाड्याचे उत्पन्न 2,77,200 रुपये झाले. डिसेंबरात एका ऑनलाइन बुकिंग ॲपच्या सवलत योजनेत सहभागी झाल्यामुळे 434 पैकी 326 रूम नाइट गेल्या व उत्पन्न 2,83,620 रुपये आले. दोन्ही आकडे जीएसटी वगळून आहेत. लॉज भरलेले दिसत होते, नोकरांना उसंत नव्हती. पण कर्जाचा 38,000 रुपयांचा हप्ता नोव्हेंबरात सहज गेला आणि डिसेंबरात मात्र घरातून पैसे घालावे लागले. पगार, पाण्याचे टँकर, विजेचा स्थिर आकार, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती असा ठरलेला खर्च महिन्याला सुमारे 1,65,000 आहे (हप्ता यात धरलेला नाही). यांपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

पहिले उत्तर (हिशेबनीस, लहान व्यवसायांची कामे पाहतो)

आपले आकडे पुरेसे बोलके आहेत. ऑक्युपन्सी 55 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर गेली, पण एका विकलेल्या खोलीमागचा सरासरी दर 1,200 वरून 870 वर आला. या दोहोंचा गुणाकार, म्हणजेच विकलेल्या-न विकलेल्या सर्व खोल्यांवर पसरलेले उत्पन्न, त्याला रेव्हपार म्हणतात. ते नोव्हेंबरात 660 रुपये होते, डिसेंबरात साधारण 653. याचा अर्थ ऑक्युपन्सी 75 टक्क्यांवर नेऊनही प्रत्येक उपलब्ध खोलीमागे आपण सात रुपये गमावले आहेत. लॉज भरलेले दिसणे ही डोळ्यांची ऑक्युपन्सी झाली. बँक पाहते ती वेगळी.

मात्र रेव्हपारसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो, कारण त्यात खर्च नसतो. एक खोली एका रात्रीसाठी गेली की धुलाई, गरम पाणी, वीज, साबण, सकाळचा चहा यांवर किती खर्च होतो आणि दोन्ही महिन्यांत ॲपला किती कमिशन गेले, हे कळवल्यास पुढचे गणित मांडता येईल.

प्रश्नकर्ता

आपल्या सूचनेप्रमाणे वही तपासली. एका रूम नाइटमागे सुमारे 200 रुपये जातात. त्यात धुलाईचाच वाटा मोठा आहे, कारण आमच्याकडे पांघरायला सोलापुरी चादर देण्याची वडिलांपासूनची पद्धत आहे आणि ती धुण्या-वाळवण्याचा खर्च साध्या पलंगपोसाहून बराच जास्त येतो. कमिशन 20 टक्के व त्यावर 18 टक्के जीएसटी. असे नोव्हेंबरात 18,000 आणि डिसेंबरात 41,000 रुपये गेले.

पहिले उत्तर देणारे

मग चित्र स्पष्ट आहे. बदलता खर्च (रूम नाइटमागचे 200 रुपये) आणि कमिशन वजा केल्यावर नोव्हेंबरात 2,13,000 उरले, म्हणजे प्रत्येक विकलेल्या खोलीमागे 922 रुपये. डिसेंबरात 1,77,420, म्हणजे केवळ 544. ठरलेला 1,65,000 चा खर्च भरून काढण्यासाठी नोव्हेंबरच्या दराने 179 रूम नाइट पुरेशा होत्या, साधारण 43 टक्के ऑक्युपन्सी. डिसेंबरच्या दराने त्याच खर्चासाठी 304 रूम नाइट, म्हणजे 70 टक्के ऑक्युपन्सी लागली. नफा-तोट्याचा उंबरठाच आपण स्वतःहून इतका वर उचलून ठेवला. परिणामी हप्त्यापूर्वीची शिल्लक 48,000 वरून 12,420 वर आली. बँक ही शिल्लक हप्त्याने भागून पाहते: नोव्हेंबरात सव्वापट, डिसेंबरात हप्त्याच्या एक तृतीयांशाइतकी.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या खोल्यांवर 5 टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे कमिशनवर भरलेला 18 टक्के कर परत मिळणारा नाही, तो खर्चातच धरावा. आपण तो धरला आहे, हे बरे केलेत.

दुसरे उत्तर (अक्कलकोट रस्त्यावर भक्तनिवासासारखे लॉज चालवतो)

हिशेबनीसांचे गणित मान्य आहे, पण महिन्याची सरासरी आपल्या भागात फसवी असते. सोलापुरातून अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर अशी चहूकडे वाट फुटते आणि गर्दी वारावर, तिथीवर ठरते. गेल्या डिसेंबरात 4 तारखेची दत्तजयंती गुरुवारी होती, 25 तारखेची नाताळची सुट्टीही गुरुवारीच होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी खोली मागायला येणारा यात्रेकरू सवलत पाहून आलेला नसतो. त्याला रात्री अंग टेकायला जागा हवी असते. त्या दिवसांत सवलत देणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला स्वतःहून पैसे परत करणे. आपण गुरुवार आणि शनिवार वेगळे काढून पाहा.

उलट टॉवेल आणि गणवेशाच्या खरेदीला येणारे व्यापारी मंगळवार-बुधवारी येतात, दोन-तीन रात्री राहतात, चादर रोज बदलायला सांगत नाहीत. त्यांना थेट फोनवर थोडा कमी दर दिला तरी कमिशन वाचते आणि धुलाईही. वंदे भारतने रात्री उशिरा उतरून पहाटे निघणारा एका रात्रीचा प्रवासी आणि हा व्यापारी, दोघांचा सरासरी दर एकच दिसतो. शिल्लक एकसारखी नसते.

प्रश्नकर्ता

आपण म्हणालात तसे वेगळे काढले. चार गुरुवार व चार शनिवार मिळून 112 पैकी 109 रूम नाइट गेल्या, सरासरी 880 रुपयांनी. त्याच 1,200 ने दिल्या असत्या तर 34,880 रुपये अधिक आले असते. कमिशन वजा केले तरी डिसेंबरातली बरीचशी तूट तेथेच भरून निघाली असती. उरलेल्या 23 दिवसांत 67 टक्के खोल्या 865 च्या सरासरीने गेल्या.

पहिले उत्तर देणारे

त्या 23 दिवसांची सवलत सरसकट चुकीची नव्हती, हे नमूद करतो. 865 मधून कमिशनचे 204 आणि खर्चाचे 200 गेले तरी 461 रुपये हाती राहतात. अन्यथा रिकामी राहणारी खोली असेल तर ते स्वीकारावेत.

तिसरे उत्तर

एक शंका. गल्ल्यावर कोण बसते? आपण व घरातील मंडळी बसत असाल आणि त्यांचा पगार 1,65,000 मध्ये नसेल, तर हे आकडे आपलीच समजूत काढणारे आहेत. दोन माणसांचे प्रत्येकी 20,000 धरले, तर नोव्हेंबरची शिल्लक 8,000 उरते आणि डिसेंबरात 27,580 चा तोटा दिसतो.

प्रश्नकर्ता

मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने बसतो. पगार धरलेला नाही. ही बाब भावाला वाचून दाखवली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. संक्रांतीच्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील दिवसांची सवलत आजच ॲपवरून काढली असून, वहीत वार, तिथी, थेट की ॲप आणि मुक्कामाच्या रात्री असे चार नवे रकाने आखले आहेत.