मदत हवी आहे: नाताळच्या वाटपासाठी कडक भाकरी कशी बांधावी?

सोलापुरातील आमच्या घरी 24 डिसेंबरच्या रात्री रुग्णालयाबाहेर मुक्कामाला असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना फराळ वाटूनच आम्ही जेवायला बसतो. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25व्या अध्यायाची, भुकेल्याला खाऊ घालण्याची शिकवण आजीने आम्हाला अशीच दिली. गेल्या वर्षी मात्र एका मधुमेही आजोबांनी करंजी क्षणभर हातात धरून हळूच परत केली, ते मनाला फार लागले. म्हणून यंदा करंज्यांसोबत 60 जणांना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाकऱ्या नेताना मोडल्या, तर प्लास्टिकच्या पिशवीत गरम असतानाच भरलेल्या मऊ पडल्या. तिथे गरम करण्याची सोय नाही आणि भाकऱ्या 2 दिवस आधी घरीच होतील. तर त्या न मोडता कडक राहाव्यात यासाठी कशात आणि कशा बांधाव्यात?