विकत घेणाऱ्यालाही झळ बसतेच
डेनुव्हो म्हणजे गेमच्या चोरट्या प्रती रोखणारे सॉफ्टवेअर. ‘डेनुव्होचा त्रास फक्त फुकट्यांना होतो’ असे काहींचे मत आहे; ते मला पटत नाही. स्टुडिओची मेहनत चोरीला जाऊ नये, विक्रीच्या पहिल्या आठवड्यांत संरक्षण हवे, हे मान्यच आहे. पण गेल्या पावसाळ्यात ऐरोलीत आमच्या इमारतीची केबल तुटून दोन दिवस इंटरनेट बंद होते आणि त्याच सुमारास मी संगणकाचा प्रोसेसर बदललेला असल्यामुळे, रीतसर विकत घेतलेला गेम सुरूच होईना. पडद्यावर ऑनलाइन पडताळणीची सूचना आणि खाली ‘बंद करा’ एवढे एकच बटण. गेम चालवण्याची डेनुव्होची परवानगी संगणकाच्या भागांशी बांधलेली असते, त्यामुळे भाग बदलला की ती सर्व्हरकडून नव्याने घ्यावी लागते. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागले.

२०२१ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ या गेमच्या पीसी आवृत्तीत शत्रूला गोळी घालताना चित्र अडखळत असे; क्रॅक केलेल्या, म्हणजे संरक्षण तोडलेल्या चोरट्या प्रतीत मात्र ते सुरळीत चाले. तिथे डेनुव्होच्या जोडीला कॅपकॉमचे स्वतःचे संरक्षणही होते, हे खरे. तरीही जुलैमधल्या पॅचच्या (दुरुस्तीच्या अपडेटच्या) टिपणात चोरीविरोधी तंत्रज्ञानात सुधारणा केल्याचे कॅपकॉमनेच नमूद केले, आणि तोवर ते अडखळणे पैसे भरणाऱ्यांच्याच वाट्याला आले होते.