पर्शियन हस्तलिखितांमधल्या चेहऱ्यांवर काळं काय आहे?

रिकामटेकडा:
रात्री झोप येईना म्हणून 'जामी अल-तवारीख' या जुन्या सचित्र इतिहासग्रंथाची एडिंबरा विद्यापीठाकडची पानं झूम करकरून बघत बसलो, तर कितीतरी चेहऱ्यांवर आणि कपड्यांच्या चुण्यांवर काळपट रेघा दिसल्या, काजळ फासल्यासारख्या. ही बुरशी आहे की कुणी मुद्दाम केलंय? आणि खलिफाने पाठवलेला झगा चढवणारा तो महमूद गझनवी, तो आणि त्याचे दरबारी मंगोल का दिसतात??

रंगारी:
बुरशी नाही हो, चांदी आहे ती. उजळपणा दाखवायला चांदीचा रंग लावायचे, नवा असताना मस्त चमकत असणार, पण हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडतेच, भांडी पडतात तशी. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा होता नेमका तिथेच अंधार झालाय 😅 सोनं मात्र तसंच राहतं.

जुनी_पानं:
मंगोल चेहऱ्यांचं सांगतो. ही प्रत 1314 सालची, इराणमधल्या तबरीझची. तेव्हा तिथे राज्य इल्खानांचं, म्हणजे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्याचं, आणि ग्रंथ लिहिणारा रशीदुद्दीन त्यांचाच वजीर. महमूद होऊन गेला या प्रतीच्या तीनशे वर्षं आधी, मग चित्रकार काय करणार, रोज डोळ्यासमोर जे टोप नि अंगरखे दिसतात तेच काढणार ना. चिनी चित्रांचाही प्रभाव आहे, झाडं-डोंगर नीट बघा, शाईची रेघ आणि वर पातळ रंग. त्यामुळे महमूदाचा पोशाख कसा होता हे या चित्रावरून ठरवू नका, इल्खानी दरबार कसा दिसायचा ते मात्र बघा.
जाता जाता, दर वर्षी एक फारसी आणि एक अरबी प्रत करायची अशी सोय रशीदुद्दीनने लावून ठेवली होती, पण 1318 मध्ये त्यालाच ठार मारलं आणि जिथे या प्रती बनायच्या ती त्याची वसाहत लुटली गेली. तुम्ही बघताय ती अरबी प्रत, तीसुद्धा अख्खी नाही, एक भाग खलीली संग्रहात आहे.

रिकामटेकडा:
अरे बापरे. म्हणजे शाहनामा या फारसी महाकाव्याच्या चित्रांत नदी काळी असते तेपण हेच? मी आपला रात्रीचा प्रसंग समजत होतो.

रंगारी:
हो हो, पाणी चांदीनेच रंगवायचे. रात्र असेल तर चंद्र-चांदण्या नाहीतर मशाली शोधा, बाकी माणसं-कपडे भर दुपारसारखे लख्खच असतात.