झोर्की-४ : फोकस जुळवूनही फोटो मागे शार्प येतो, मदत हवी आहे

निगेटिव्हवाला
नमस्कार मंडळी. झोर्की-४ हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा आहे, सोबत ज्युपिटर-८ लेन्स (५० मिमी, एफ/२). एफ/२ वर एक मीटरवरून चेहरा टिपताना रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायची खिडकी) डोळे बरोब्बर जुळवले तरी फोटोत डोळे धूसर आणि कान मात्र कातीव येतात. चूक साधारण ८ सेंमी मागे. दुसरं म्हणजे लेन्स इन्फिनिटीला (अनंत अंतराच्या खुणेला) टेकली तरी लांबच्या टॉवरच्या दोन प्रतिमा एकमेकींत मिसळत नाहीत. वरखालीही किंचित फरक राहतो. त्याच स्थितीत १३-१४ मीटरवरचा विजेचा खांब मात्र अगदी जुळलेला दिसतो. लेन्स इन्फिनिटीवर ठेवून काढलेले डोंगर स्वच्छ आहेत. लेन्स खोलून तिचं फिल्मपासूनचं अंतर ठरवणाऱ्या आतल्या पातळ चकत्या कमी-जास्त कराव्यात का?

पाचर
लेन्सला अजिबात हात लावू नका. डोंगर स्वच्छ येतायत, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांचं नातं ठीक आहे. चकती ०.१ मिमीने जरी जाड असती तरी इन्फिनिटीच्या खुणेवर फोकस २५ मीटरवर आला असता आणि तुमचे डोंगर मऊ पडले असते. शिवाय चकतीची चूक स्केल लावून काढलेल्या फोटोतही दिसते. तेवढं एकदा तपासा: फिल्मच्या पातळीपासून टेपने एक मीटर मोजा, लेन्स स्केलवर १ ला लावा, रेंजफाइंडरकडे बघूच नका. फोटो शार्प आला की लेन्स निर्दोष ठरली.

तुमच्या दोन तक्रारी म्हणजे एकच बिघाड आहे. रेंजफाइंडरची चूक मीटरमध्ये नाही, अंतराच्या व्यस्तात (१ भागिले अंतर) मोजायची. तुम्ही जुळवलं १ मीटरला, फोकस पडला १.०८ मीटरला. १ वजा (१ भागिले १.०८) म्हणजे सुमारे ०.०७४, आणि त्याचा व्यस्त साडेतेरा मीटर. तुमचा खांब नेमका तिथेच उभा आहे! जवळ आणि लांब सारखीच चूक असेल तर फक्त इन्फिनिटीचा स्क्रू सरकलेला असतो. पन्नासेक वर्षांच्या कॅमेऱ्यात हे नेहमीचंच.

आधी वरखालीचा फरक काढा, कारण तो काढताना आडवी जुळणीही थोडी हलते. रेंजफाइंडरच्या छोट्या गोल खिडकीची कडी उलटी फिरवून काढा. आत पाचरीसारखी काच आहे, ती केसभर फिरवली की प्रतिमा वर-खाली सरकते. पक्कड लावू नका, रबराचा तुकडा पुरतो.

मग इन्फिनिटी. पुढून बघितलं तर दोन खिडक्यांच्या मध्ये एक छोटा स्क्रू आहे, तो नुसतं झाकण. तो काढल्यावर आत खोल जुळणीचा स्क्रू दिसतो. लेन्स पूर्ण घट्ट बसवलेली आणि इन्फिनिटीला टेकलेली हवी, कॅमेरा ट्रायपॉडवर. अर्धा किलोमीटरपलीकडची उभी, ठसठशीत कड निवडा आणि स्क्रू अष्टमांश फेऱ्यानेच फिरवा. पेचकस आत असताना जोर देऊ नका, घसरला तर आतली काच खरवडते. प्रत्येक वेळी लेन्स जवळ आणून परत इन्फिनिटीला न्या, मगच बघा.

गोल_खिडकी
वरच्या प्रतिसादाला माझी पुरवणी. रिवाइंड नॉबखालची डायऑप्टरची (नजरेच्या नंबरानुसार खिडकी स्पष्ट करायची) दांडी आधी आपल्या डोळ्याला लावून घ्या. ती चुकीच्या जागी असेल तर पॅच (रेंजफाइंडरमधला दुहेरी प्रतिमेचा ठिपका) मुळातच पुसट दिसतो आणि जुळणी अंदाजाने होते. ज्युपिटर-८ मध्ये आणखी एक खोड असते: ॲपर्चरची रिंग फिरवताना पुढचा भिंगांचा भाग हळूहळू उलटा फिरून सैल होतो. तसं झालं तर फोकस पुढे येतो, तुमच्यासारखा मागे जात नाही; तरी हाताने आवळून बघा.

फिल्म न घालवता तपासायचं असेल तर झोर्कीची पाठ पूर्ण निघते, हा मोठा फायदा. ३४ मिमी रुंद घासलेल्या काचेची पट्टी फिल्म जिथे टेकते त्या आतल्या रुळांवर ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारा वेग), लॉक होणारी केबल लावून उघडं ठेवा आणि ८ पट भिंगाने बघा. बाहेरच्या रुळांवर काच टेकली तर सगळी मापं खोटी येतील. लेन्स सूर्याकडे वळवू नका, पडदे कापडी आहेत, भोक पडतं. आणि वेग बदलायचा तो शटर चढवल्यानंतरच.

निगेटिव्हवाला
दोघांचेही मनापासून आभार. वरखालीचा फरक गेला, टॉवर जुळला. काचेवर बघितलं तर एक मीटरला अजून दीड-दोन सेंमी मागे वाटतं. कॅमेऱ्याच्या तोंडात लेन्सला टेकणारं बोट वाकवून हे जाईल का?

पाचर
वाकवू नका. एक मीटरला एफ/२ वर शार्पनेसची एकूण खोली पाचेक सेंमी असते, तुम्ही त्याच्या आत आहात. ३८ मिमी बेसच्या (दोन खिडक्यांमधल्या अंतराच्या) रेंजफाइंडरकडून याहून जास्त मागणं त्याच्यावर अन्याय आहे. त्या बोटाचा कोन बदलला की जवळची आणि लांबची चूक वेगवेगळी होते, आणि मग दोन्ही टोकं आलटून पालटून जुळवत बसावं लागतं. जुळणीच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा बारीक थेंब द्या, तो वाळल्यावरच झाकणाचा स्क्रू लावा.